बेलाविस्ताच्या भिंतीवरच्या खुणा

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी व्याख्यानमालेत मी कोस्टा रिकावर बोललो होतो. विषय मीच सुचवला होता. मध्य अमेरिकेतला चिमुकला देश, महाराष्ट्राच्या एक षष्ठांश आकाराचा, लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर. १९४८ साली त्यानं आपलं सैन्य मोडलं आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांकडे वळवला. भोवताली ग्वातेमाला, एल साल्वादोर, निकाराग्वा यादवीत होरपळत असताना हा देश आपला शांत राहिला. मी रंगून सांगत होतो. ‘मुळातच शांतताप्रिय माणसं’ असे शब्दही वापरले. आभारप्रदर्शनानंतरच्या गडबडीत एक निवृत्त सुभेदार जवळ आले आणि म्हणाले, “सर, सैन्य मोडलं ते कुणी? ज्याच्यापाशी स्वतःची दुसरी फौज होती, त्यानंच ना?”

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी येताना एसटीत तोच प्रश्न डोक्यात होता. सुभेदारांना कोस्टा रिका नकाशावर दाखवता आला असता की नाही, ठाऊक नाही. पण फौज म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यानंतर मी बरंच वाचलं आणि पुढे त्या देशात तीन आठवडे राहूनही आलो. त्यातून हाती आलं ते इथे मांडतो आहे.

‘मुळातच शांतताप्रिय’ ही कल्पना माझी नव्हे. कोस्टा रिकातल्या शालेय पुस्तकांनी ती पिढ्यान् पिढ्या शिकवली. कथा अशी : १५०२ मध्ये आपल्या चौथ्या सफरीत कोलंबस आजच्या लिमोनच्या किनाऱ्याला लागला. स्थानिकांच्या अंगावरचं सोनं पाहून स्पॅनिश लोकांनी या भूमीला ‘श्रीमंत किनारा’ म्हटलं. प्रत्यक्षात ना सोन्याच्या खाणी निघाल्या, ना चांदीच्या. राबवायला मूळ रहिवासीही फारसे उरले नाहीत; रोगराईनं बरेच मेले, उरलेले डोंगरात गेले. त्यामुळे आलेल्या स्पॅनिश माणसाला स्वतःच नांगर धरावा लागला. १७१९ मध्ये दिएगो दे ला आया या गव्हर्नरानं राजाला कळवलं की, साऱ्या अमेरिकेत याहून दरिद्री वसाहत नसेल. नाणी इतकी दुर्मीळ की, कोकोच्या बिया चलन म्हणून चालत. जिथे सगळेच गरीब तिथे कोण कुणाचा मालक? या समान दारिद्र्यातून समता आली, समतेतून लोकशाही आणि लोकशाहीतून शांतता. साखळी सुबक आहे. कार्लोस मोंहे आल्फारो या इतिहासकारानं विसाव्या शतकात ती घट्ट विणली.

नंतरच्या संशोधकांनी ती उसवली. लोवेल गुडमंडसन यांचं कॉफीपूर्व कोस्टा रिकावरचं पुस्तक १९८६ मध्ये आलं. जुन्या शिरगणत्या आणि मालमत्तेची कागदपत्रं तपासून त्यांनी दाखवलं की, गावात व्यापारी, जमीनदार आणि भूमिहीन असे थर आधीपासूनच होते. कॅरिबियन बाजूला मातिनाच्या कोकोबागांत आफ्रिकन गुलाम राबत होते. आणि डोंगरात गेलेले लोक गप्प बसले नव्हते. तालामांकाच्या पाब्लो प्रेस्बेरेनं १७०९ मध्ये उठाव केला. पुढच्या वर्षी कार्तागोत त्याला ठार मारण्यात आलं. माझ्या व्याख्यानात त्याचं नावही नव्हतं.

स्वातंत्र्य मात्र खरोखरच न लढता मिळालं. १५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वातेमालात ते जाहीर झालं आणि बातमी डाकेनं इथे पोचायला जवळजवळ महिना गेला. आपण स्वतंत्र झाल्याचं पत्रानं कळलेला देश, असं तिथले लोक हसत सांगतात. पण पुढे मेक्सिकोच्या साम्राज्यात सामील व्हायचं की नाही यावरून १८२३ मध्ये ओचोमोगोच्या टेकडीवर कार्तागो आणि सान होसे ही दोन शहरं एकमेकांशी लढलीच. सान होसे जिंकलं आणि राजधानी तिकडे गेली.

मग कॉफी आली. १८४३ पासून ती इंग्रजी जहाजांतून थेट लंडनला जाऊ लागली आणि मधल्या खोऱ्याचं रूप पालटलं. बैलगाड्यांच्या रांगा डोंगर उतरून पुंतारेनास बंदराकडे जात. त्या गाड्यांची चाकं रंगीबेरंगी नक्षीनं रंगवण्याची कला सार्ची गावात अजून टिकून आहे. सान होसेतलं राष्ट्रीय नाट्यगृह १८९७ मध्ये उघडलं. त्यासाठी कॉफीच्या निर्यातीवर कर लावला होता. छोटा शेतकरी आपलं पीक मोठ्या गिरणीवाल्याला विकायचा आणि त्याच्याकडूनच उचल घ्यायचा. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हे नातं समजावून सांगायला नको. यात पिळवणूक होती, पण ग्वातेमालासारखी वेठबिगार नव्हती. लहान का होईना, स्वतःची जमीन असलेला माणूस इथे टिकला. जुन्या कथेतला एवढा अंश खरा आहे आणि तो लहान नाही.

या शांत देशाचा राष्ट्रीय नायक एक सैनिक आहे, ही गंमत माझ्या उशिरा ध्यानात आली. १८५५ मध्ये विल्यम वॉकर हा अमेरिकन भाडोत्री शिपाई गोळा करून निकाराग्वात घुसला. तिथे त्याला गुलामगिरी परत आणायची होती, आणि पुढचा घास कोस्टा रिका होता. अध्यक्ष हुआन राफाएल मोरा यांनी शेतकऱ्यांची फौज उभारली. २० मार्च १८५६ रोजी सांता रोसाला आणि ११ एप्रिलला निकाराग्वातल्या रिवासला लढाई झाली. रिवासमध्ये शत्रूनं आसरा घेतलेल्या इमारतीला आग लावताना अलाहुएला गावचा ढोलवादक पोरगा हुआन सांतामारिया मारला गेला. आज देशाचा मुख्य विमानतळ त्याच्या नावानं आहे. परतणाऱ्या फौजेबरोबर पटकी आली आणि तिनं दर दहा-अकरा माणसांमागे एक नेला. लढाईत मेले त्यांच्या कितीतरी पट. मोरांनाही शेवट चांगला लाभला नाही. १८५९ मध्ये त्यांची सत्ता उलथवली गेली. पुढच्या वर्षी ते परत यायला निघाले तेव्हा आपल्याच देशाच्या बंदुकांनी पुंतारेनासला त्यांना गोळ्या घातल्या. सांतामारियाचं कौतुक तर तीसेक वर्षांनी, १८८५ च्या सुमारास सुरू झालं. तेव्हा ग्वातेमालाच्या बारियोसनं साऱ्या मध्य अमेरिकेचं बळानं एकीकरण करण्याची घोषणा केली होती आणि सरकारला एक वीर हवा होता.

म्हणजे एकोणिसाव्या शतकात इथेही बराकीच अध्यक्ष बनवत आणि मोडत होत्या. १८७० मध्ये बंड करून आलेल्या तोमास ग्वार्दिया या सेनानीनं १८८२ पर्यंत देश मुठीत ठेवला. फाशीची शिक्षा रद्द झाली ती याच हुकूमशहाच्या काळात, हा इतिहासाचा विनोद. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याची तरतूद त्याच्याही आधी, १८६९ मध्ये आली होती. १८८९ च्या नोव्हेंबरात सरकार निवडणुकीचा कौल फिरवतंय असं वाटताच लोक काठ्या-कोयते घेऊन राजधानीत उतरले आणि सरकारला नमावं लागलं. शेवटचा लष्करी हुकूमशहा फेदेरिको तिनोको. युद्धमंत्री असताना १९१७ मध्ये त्यानं सत्ता बळकावली. १९१९ च्या जूनमध्ये शाळामास्तर, मास्तरणी आणि विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांनी सरकारी वृत्तपत्राची कचेरी पेटवली. ऑगस्टमध्ये तिनोकोच्या भावाचा, म्हणजे सैन्याच्या मुख्याचा, भर रस्त्यात खून झाला आणि तिनोको देश सोडून गेला. तेव्हापासून लष्कराची पत गेली आणि ते आक्रसत गेलं. १९४८ मध्ये मोडलं ते सैन्य मुळात काहीशे माणसांचंच होतं. हेही मी व्याख्यानात सांगितलं नव्हतं. कारण त्यानं गोष्ट लहान झाली असती.

त्या आंदोलनात मारिया इसाबेल कार्वाहाल नावाची शिक्षिका होती. कार्मेन लिरा या नावानं ती लिहायची. तिच्या पांचिता मावशीच्या गोष्टी त्या देशातल्या प्रत्येक मुलानं ऐकलेल्या असतात. पुढे ती कम्युनिस्ट पक्षात गेली. तिच्याकडे परत यायचं आहे.

केळीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मराठीतही लिहिलं गेलं आहे. मायनर कीथ या अमेरिकन कंत्राटदारानं अटलांटिक रेल्वे बांधली, तिच्या बाजूनं केळी लावली आणि १८९९ मध्ये त्यातून युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. रेल्वेसाठी जमैकाहून आणलेल्या कृष्णवर्णीयांची मुलंबाळं लिमोनमध्ये राहिली, इंग्रजी बोलत आणि नागरिकत्वाविना. १९३४ च्या मोठ्या संपानंतर कंपनी पॅसिफिक बाजूला सरकली, तेव्हा करारात कलमच घातलं गेलं की, तिकडच्या मळ्यांत काळ्या माणसाला काम द्यायचं नाही. त्या संपाचा एक पुढारी कार्लोस लुईस फायास. त्याची ‘मामिता युनाई’ ही कादंबरी मिळाल्यास जरूर वाचावी.

आता १९४० चं दशक. राफाएल आंहेल काल्देरोन ग्वार्दिया या डॉक्टर-अध्यक्षानं १९४१ मध्ये सामाजिक विमा आणला, १९४३ मध्ये कामगार कायदा केला. त्याला पाठिंबा कुणाचा, तर आर्चबिशप सानाब्रिया आणि कम्युनिस्ट पुढारी मानुएल मोरा यांचा. असं त्रिकूट जगात क्वचितच जमलं असेल. आजच्या कोस्टा रिकाचे दवाखाने आणि निवृत्तिवेतन यांचा पाया याच आघाडीनं घातला. सैन्य मोडून वाचलेल्या पैशातून ते उभं राहिलं, हे अर्धंच खरं. पाया सैन्य असतानाचा आहे. पण हेच सरकार भ्रष्टाचाराच्या आरोपांनी वेढलेलं होतं, निवडणुकांत ढवळाढवळ करत होतं आणि टीकाकारांवर उठत होतं. १९४२ मध्ये रेडिओवरून सरकारवर टीका करणाऱ्या एका शेतमालकाला भाषण अर्धवट तोडून पकडलं आणि देशाबाहेर घालवलं. त्याचं नाव होसे फिगेरेस. त्याच्या मळ्याचं नाव, भाषांतर करायचं तर, ‘अंतहीन लढा’.

८ फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत विरोधकांचे ओतिल्यो उलाते पुढे होते. ज्या शाळेत मतपत्रिका ठेवल्या होत्या तिला आग लागली. १ मार्चला सरकार पक्षाचं बहुमत असलेल्या संसदेनं अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. १२ मार्चला फिगेरेसनं बंड सुरू केलं. त्याची तयारी फार आधीपासून होती. ग्वातेमालातून विमानानं शस्त्रं आली, आजूबाजूच्या हुकूमशाह्यांविरुद्ध लढू पाहणारे परदेशी निर्वासितही आले. सरकारच्या बाजूनं सैन्यापेक्षा जास्त लढले ते कम्युनिस्टांचे केळीमजूर. उष्ण किनाऱ्यावरून आलेल्या त्यांना सान होसेची थंडी सोसेना, म्हणून ते घोंगड्या पांघरून हिंडत, आणि लोक त्यांना ‘मारियाची’ म्हणत. सव्वा महिना चाललेल्या या युद्धात सुमारे दोन हजार माणसं मेली असं मानतात. तेव्हा देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास होती. एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या दूतावासात तह झाला. कुणावर सूड उगवणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं.

फिगेरेसच्या जुंटानं अठरा महिने राज्य केलं. जुलैत कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. ती १९७५ पर्यंत टिकली. विशेष न्यायालयं नेमून पराभूतांची मालमत्ता जप्त केली. त्याच जुंटानं बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि श्रीमंतांच्या भांडवलावर दहा टक्के कर लावला. आपल्याला जिंकून दिलेल्या कॉफीवाल्यांना असा धक्का देणारा क्रांतिकारक आणि तह मोडणारा विजेता, दोन्ही एकच माणूस होता. मला तो आवडतो की नाही, हे अजून ठरवता आलेलं नाही.

१ डिसेंबर १९४८ रोजी सान होसेतल्या बेलाविस्ता बराकीच्या भिंतीवर फिगेरेसनं हातोडा घातला आणि किल्ल्या शिक्षणखात्याच्या हाती दिल्या. तिथे राष्ट्रीय संग्रहालय व्हायचं होतं. एच. जी. वेल्स वाचून आपल्याला हे सुचलं, असं तो पुढे सांगे. इतिहासकार आणखीही कारणं देतात. अठरा महिन्यांनी सत्ता उलातेकडे द्यायची होती आणि सैन्य ठेवलं तर ते उद्या उलातेच्या हाती गेलं असतं. आंतर-अमेरिकन संरक्षण करार त्याच आठवड्यात अमलात येत होता, म्हणजे बाहेरून कुणी चालून आलं तर मदतीची हमी होती. आणि एक फौज, जशी सुभेदार म्हणाले तशी, त्याच्यापाशी होतीच.

दहाच दिवसांनी काल्देरोनचे समर्थक निकाराग्वातून चालून आले. अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेनं तो हल्ला थांबवला. पण त्या धामधुमीत, १९ डिसेंबरला, लिमोनच्या तुरुंगातून सान होसेकडे नेतो असं सांगून सहा राजकीय कैद्यांना रेल्वेतून नेलं आणि ‘सैतानाचं कोपर’ नावाच्या वळणावर गोळ्या घालून मारलं. बहुतेक कम्युनिस्ट कामगार. सैन्य मोडून तीन आठवडेही झाले नव्हते.

कार्मेन लिराला मेक्सिकोत हद्दपार व्हावं लागलं होतं. ती आजारी पडली, मायदेशी येऊन मरू द्या अशी विनंती केली, ती नाकारली गेली. १९४९ च्या मेमध्ये ती मेक्सिकोतच गेली. आज वीस हजार कोलोनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. दुकानात सुट्टे घेताना ती नोट माझ्या हाती आली, तेव्हा मी ती मोडली नाही, जवळ ठेवली.

मग सुभेदारांना उत्तर काय? हो, ज्याच्यापाशी दुसरी फौज होती त्यानंच सैन्य मोडलं. पण त्यापुढे जे घडलं ते तपासायला हवं. घटना समितीच्या निवडणुकीत फिगेरेसच्या पक्षाला ४५ पैकी फक्त ४ जागा मिळाल्या. समितीनं जुंटाचा मसुदा बाजूला सारला आणि १८७१ च्या जुन्या घटनेवरून काम सुरू केलं. तरी सैन्यबंदी मात्र राखली. ती १२ वं कलम झाली. स्थायी सैन्य असणार नाही, सुव्यवस्थेसाठी पोलीस असतील आणि सैन्य उभारायचंच झालं तर खंडातल्या राष्ट्रांच्या करारानुसार किंवा देशाच्या बचावासाठीच. त्याच घटनेनं स्त्रियांना मत दिलं, निवडणुकांसाठी सर्वोच्च न्यायाधिकरण नेमलं आणि लिमोनच्या कृष्णवर्णीयांची नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. एप्रिल १९४९ मध्ये जुंटाचाच सुरक्षामंत्री एदगार कार्दोना दोन बराकी ताब्यात घेऊन बसला. बँका आणि दहा टक्के कर मागे घ्या, ही त्याची मागणी. बंड फसलं. सैन्य मोडण्याची कल्पना मूळ माझीच, असं हाच कार्दोना सांगत असे! आणि ८ नोव्हेंबर १९४९ रोजी फिगेरेसनं ठरल्याप्रमाणे खुर्ची सोडली. एका पराभूत निवडणुकीनंतर, हातात बंदूक असताना सोडली. १९५३ मध्ये तो परत आला तो मतपेटीतून.

म्हणजे शस्त्र खाली ठेवणारा स्वतःही त्यात बांधला गेला. ही गोष्ट एका हातोड्याची नाही, नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची आहे. १९५८ मध्ये फिगेरेसचा पक्ष हरला आणि त्यानं सत्ता दिली. काल्देरोन त्याच वर्षी देशात परतला आणि १९६२ ची निवडणूकही लढला. ज्याच्यावर १९४८ मध्ये गोळ्या झाडल्या त्याच्याविरुद्ध आता भिंती रंगवल्या जात होत्या.

बाहेरचं छत्रही विसरता येत नाही. १९५५ मध्ये सोमोसाच्या मदतीनं पुन्हा स्वारी झाली, तेव्हा अमेरिकेनं चार मस्टँग लढाऊ विमानं एकेका डॉलरला विकली. शांत देशाच्या शांततेला वॉशिंग्टनचा हिशेब सोयीचा होता. तो गैरसोयीचा झाला तेव्हा खरी कसोटी लागली. १९८० च्या दशकात निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांसाठी ग्वानाकास्तेत एक गुप्त धावपट्टी तयार झाली. देश कर्जात बुडालेला, अमेरिकन मदतीवर तगलेला. १९८३ मध्ये अध्यक्ष मोंहे यांनी तटस्थता जाहीर केली खरी, पण तिला बळ आलं ते १९८६ मध्ये निवडून आलेल्या ओस्कार आरियासमुळे. त्यानं धावपट्टी बंद पाडली आणि रेगनची नाराजी पत्करून पाच देशांचा आराखडा पुढे रेटला. ७ ऑगस्ट १९८७ रोजी ग्वातेमालात पाचही अध्यक्षांनी सह्या केल्या. त्याच वर्षी आरियासला नोबेल मिळालं. माझ्या मते या देशाचं सगळ्यात धाडसी कृत्य १९४८ चं नव्हे, हे आहे.

आता स्वभावाबद्दल. तिथले लोक स्वतःला ‘तिको’ म्हणवतात, कारण बोलताना शब्दामागे लाडिक ‘-इको’ लावायची सवय. घरातल्या लहान मुलाला, कधी कुत्र्यालासुद्धा ‘उस्तेद’, म्हणजे ‘आपण’, म्हणतात. पत्ते तर ऐकण्यासारखे : अमुक चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला. सान पेद्रो भागात ‘जुन्या उंबरापासून’ पत्ते सांगतात. तो जुना वृक्ष केव्हाच गेला. तोंडावर ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नाही. हे सगळं गोड आहे, पण १९४८ मध्येही ते असंच गोड बोलत असणार.

आज त्या देशाचं सरासरी आयुर्मान ऐंशीच्या घरात आहे. एके काळी अमेरिका खंडातली सर्वांत वेगानं होणारी जंगलतोड इथे होती. १९९६ च्या कायद्यानं इंधनावरच्या करातून झाडं राखणाऱ्याला मोबदला द्यायला सुरुवात केली आणि आज निम्म्याहून अधिक भूमीवर जंगल आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्के खर्च करण्याचं बंधन २०११ मध्ये घटनेत घातलं, ते मात्र कधी पाळलं गेलं नाही. आणि २०२३ मध्ये नऊशेहून अधिक खून झाले, देशाच्या इतिहासातला उच्चांक. लिमोनशेजारच्या मोईन बंदरातून केळी-अननसाच्या कंटेनरांबरोबर कोकेन युरोपला जातं आणि त्या धंद्यासाठी लिमोनची बेकार पोरं एकमेकांना मारतात. रेल्वेनं आणलेल्यांची, पॅसिफिक बाजूला मज्जाव केलेल्यांची ही नातवंडं-पणतवंडं.

बेलाविस्ताचं संग्रहालय दाखवायला माझ्या यजमान बाई आल्या होत्या, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. पिवळ्या बुरुजांवर गोळ्यांचे खड्डे आहेत, तसेच ठेवलेले. शाळेच्या मुलांची एक रांग त्यांवर बोटं फिरवत चालली होती. बाईंचे मामा घोंगडी पांघरून लढलेल्यांपैकी होते. मी विचारलं, तुमच्या घरी १ डिसेंबरबद्दल काय बोलायचे?

“आजी ‘सैन्य मोडलं’ असं कधी म्हणाली नाही,” त्या म्हणाल्या. “‘आमच्या माणसांच्या हातातलं काढून घेतलं’, असं म्हणायची. दर निवडणुकीला मात्र सकाळी सात वाजता रांगेत पहिली उभी असायची.”

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. संग्रहालयातलं फुलपाखरांचं दालन बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता.